कितवा महिना?

दारू चढते, किक बसते, विमान उडतं. हे सगळं सकाळपर्यंत उतरतं. बियरची थट्टा मात्र पोटावर कायमची राहते. परवा ढाब्यावर शेजारच्या टेबलावर एकानं मित्राच्या ढेरीवर थाप मारून विचारलं, "कितवा महिना?" सगळे खिदळले. बाईचं गरोदरपण पुरुषाच्या पोटावर चढवलं, की आपल्याला हमखास हसू येतं. का, ते कुणी विचारत नाही.

"वहिनी, बारसं कधी?" त्यानंच पुढे विचारलं.

त्या ढेरीवाल्याची बायको नवऱ्याचा ग्लास काठोकाठ भरत होती. "डोहाळे पुरवतेय ना भावजी," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत आमच्या घरात वाढलेलं हे एवढंच पोट."

ग्लासातला फेस बसेपर्यंत थाप मारणारा मेनूकार्ड चाळत राहिला.

"हसा की," ती म्हणाली.