ट्वायलाचे दगडी बूट

ऑर्व्हल स्टेगलने आयुष्यात एकाही दगडावर आपलं नाव घातलं नाही. इंडियानातल्या बेडफर्डच्या दगड-कारखान्यात तो सतराव्या वर्षी लागला आणि पासष्टाव्या वर्षी सुटला. मधल्या काळात त्याच्या छिन्नीखालून कोर्टांच्या दारांवरचे गरुड निघाले, बँकांच्या खांबांवरची पानं निघाली, दूरच्या कुठल्याशा शहरातल्या चर्चसाठी अकरा संतांची डोकी निघाली. बारावं डोकं त्याच्या शेजारी काम करणाऱ्या वेंडेल क्रलने केलं, आणि ते नवलकोलासारखं दिसतं असं ऑर्व्हल आजही म्हणतो. कामावर सही करायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. कुणी नवखा करू लागलाच तर म्हातारे विचारत, "तुझी आई पाव भाजते, त्यावर सही करते काय रे?" की झालं, पुन्हा त्याची हिंमत होत नसे.

तर मे महिन्यातल्या एका सकाळी ऑर्व्हल नेहमीच्या खानावळीत कॉफी पीत बसला होता, तेव्हा वेंडेलने त्याच्यापुढे एक चकचकीत पुस्तक आपटलं.

"घे लेका. एक्याऐंशीव्या वर्षी कलावंत झालास."

इंडियानाच्या चित्र-शिल्पांचा मोठा लिलाव पुढच्या शनिवारी राजधानीत व्हायचा होता, त्याची ती यादी. वेंडेलच्या मुलीने आणलेली. पानापानावर बीचची झाडं आणि धुक्यातल्या टेकड्या.

"ह्या टेकड्या मी फुकट बघतो," ऑर्व्हल म्हणाला.

"टेकड्या सोड. चौसष्टावं पान काढ."

चौसष्टाव्या पानावर लहान मुलीच्या बुटांची जोडी होती, चुनखडीच्या एकाच दगडात कोरलेली. एका बुटाची नाडी सुटलेली. खाली छापलं होतं: लॉट ११२, कारागीर अज्ञात, बागेतील शोभेची वस्तू.

"तुझाच हात," वेंडेल हळू आवाजात म्हणाला. "आंधळासुद्धा ओळखेल."

'अज्ञात' ह्या शब्दाचं ऑर्व्हलला काहीच वाटलं नाही. पण 'शोभेची वस्तू' वाचलं आणि त्याची मान तापली.

ते बूट त्याच्या भाचीच्या कबरीवरचे होते. थोरली बहीण लव्हॉन हिची एकुलती एक मुलगी ट्वायला सहाव्या वर्षी मेंदूज्वराने गेली, तेव्हा ऑर्व्हल तेवीस वर्षांचा होता. जेवणाच्या सुट्टीत, कारखान्यातल्या एका टाकाऊ तुकड्यातून त्याने ते कोरले. त्यासाठी पोरीचा खरा बूट समोर ठेवून त्याच्या बाजूच्या आकाराचा जस्ताच्या पत्र्याचा फर्मा कापला. ट्वायला डावा पाय आत टाकून चाले, त्यामुळे डावी टाच आतून झिजलेली. ती झीजही त्याने पत्र्यात उतरवली. हिकरी रिजच्या दफनभूमीत अठ्ठावन्न वर्षं ते बूट उभे होते.

दर नोव्हेंबरात ऑर्व्हल त्यांच्यावर गोणपाट बांधी आणि एप्रिलात सोडी. लोक म्हणत, मामा असावा तर असा. लोकांना काय माहीत! दगड खाणीत थराथरांनी आडवा निजलेला असतो. बसवतानाही त्याला तसाच निजवायचा, हा आमचा पहिला धडा. उभा केला तर थरांत पाणी शिरतं, थंडीत गोठतं, आणि एक दिवस दगड वहीच्या पानांसारखा सुटतो. रडत रडत काम करताना ऑर्व्हल थराची खूण बघायलाच विसरला होता. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, तोवर एक बूट पुरा झाला होता आणि लव्हॉन रोज येऊन त्यावरून हात फिरवत होती. तिच्यासमोर तो फेकून कसा द्यायचा? त्याने तसाच पुढे कोरला आणि तोंड शिवून घेतलं.

यंदा एप्रिलात गोणपाट सोडायला गेला, तर गोणपाट शेजारी नीट घडी करून ठेवलेलं आणि बूट गायब. शेरिफकडे तक्रार झाली. लव्हॉनला मात्र त्याने सांगितलं नाही. ती आता चौऱ्याऐंशीची, वृद्धाश्रमात. महिनाअखेरीस, कबरींना फुलं वाहायच्या दिवशी, कॉफीच्या डब्यात पिओनीची फुलं घेऊन ती ट्वायलाकडे जायची ती जायचीच. तिथे रिकामा दगड बघून तिचं काय होईल, ह्या विचाराने ऑर्व्हलची झोप उडाली होती.

गुरुवारी लिलावाचा माल बघायला खुला झाला. ऑर्व्हल वेंडेलला घेऊन निघाला, इतकी वर्षं जपून ठेवलेला फर्मा वर्तमानपत्रात गुंडाळलेला. शनिवारी हातोडा पडला की बूट कोणत्या गावी जातील कोण जाणे, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

शिल्पांची जबाबदारी ट्रूडी हाउक नावाच्या चाळिशीच्या बाईंकडे होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्टर स्टेगल, एका व्यापाऱ्याने हे रस्त्यावरच्या बाजारातून घेतलंय. तुमच्याकडे फोटो आहे? कागद? कुठे सही केलीय का?"

"आम्ही सही करत नसू, मॅडम."

"ह्याने केली असती, तर चर्चवाल्यांनी माझ्या नवलकोल संताबद्दलही ह्यालाच पकडलं असतं," वेंडेल मधेच बोलला.

ऑर्व्हलने वर्तमानपत्र उलगडलं. काळपट पडलेला पत्रा डाव्या बुटाला लावला. नाकापासून पोटरीपर्यंत, टाचेच्या झिजेपर्यंत तो असा बसला की मधून उजेडाची रेघ जाईना. ट्रूडीबाई वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी बूट आडवे करवले. तळाला खिळीचं भोक होतं, त्यात जुनं शिसं, कबरीच्या दगडावर खिळी पक्की बसवायला ओततात तसं. बागेतल्या शोभेला कोण शिसं ओततो?

"कबरीवरचं आहे तर," त्या म्हणाल्या आणि फोन घेऊन बाजूला गेल्या. शेरिफच्या कचेरीतून तक्रारीची खात्री झाली. कबर म्हटल्यावर व्यापाऱ्याची बोबडी वळली. त्याने हक्क सोडला. तासाभराने लॉट ११२ यादीतून निघाला.

पण जाता जाता बाईंनी बोट ठेवलं. "ही चीर बघितलीत?"

उजव्या बुटाच्या पोटरीवरून केसाएवढी रेघ खाली उतरली होती. ऑर्व्हल ती गेली वीस वर्षं बघत होता.

"बाहेर ठेवलंत तर चार-पाच हिवाळे," त्या म्हणाल्या. "एका संग्रहालयाने विचारलं होतं. आत राहील, काचेत. आणि खाली तुमचं नाव लागेल."

त्याला भुरळ पडली, खोटं कशाला बोला. नावाची कमी, काचेची जास्त. काचेत ती चीर आहे तिथेच थांबली असती, आणि त्याची चूकही.

"विचारावं लागेल," तो म्हणाला. "बूट माझे नाहीत. पोरीचे आहेत."

दोघा म्हाताऱ्यांनी धापा टाकत ते गाडीत चढवले. परतताना वेंडेल म्हणाला, "खिळी नवी बसवू, लव्हॉनला काय कळतंय? सांगायची गरजच नाही."

"अठ्ठावन्न वर्षं हेच केलं," ऑर्व्हल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बूट ढकलगाडीवरून लव्हॉनच्या खोलीत नेले आणि सगळं सांगून टाकलं: चोरी, लिलाव, संग्रहालय, आणि सगळ्यांत शेवटी थराची गोष्ट. सांगताना त्याची नजर जमिनीवर होती.

"तुला पहिल्यापासून ठाऊक होतं, ऑर्व्ही?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"म्हणून ते गोणपाट."

"म्हणून."

"मला वाटायचं, मायेपोटी बांधतोस."

"मायाही होतीच की."

लव्हॉनने खुर्चीतून वाकून चिरेवरून अंगठा फिरवला. ती रडेल, रागावेल, घालवून देईल, सगळ्याची त्याने तयारी ठेवली होती.

"आपण दोघंही वेडेच," ती म्हणाली. "घरात शिरलं की बूट दाराशी काढायचे, म्हणून मी तिला रोज ओरडायचे. आणि तिचे बूट आपण अठ्ठावन्न वर्षं पावसात ठेवले."

"मग संग्रहालयाला देऊ? आत राहतील."

"तिथे ती कुणाला ओळखते? दाराशी ठेव. आतल्या बाजूला."

ऑर्व्हल गुडघ्यांवर बसला. खाली जुना टॉवेल अंथरून त्याने बूट भिंतीलगत सरकवले. लव्हॉनने दोनदा सांगून ते सरळ करून घेतले. मग कॉफीच्या डब्यातली पिओनी कबरीवर कोणती न्यायची ह्याची चर्चा झाली, आणि पांढरी ठरली.

संध्याकाळी जेवणाचं ताट घेऊन मदतनीस मुलगी आली, ती दाराशी ठेचकाळता ठेचकाळता वाचली.

"अगंबाई! लव्हॉन आजी, पाहुणं आलंय का कुणी लहान?"

"पाहुणं कसलं," लव्हॉन म्हणाली. "घरचंच आहे."