खालच्या मजल्यावरचे डेन्मार्ककर

सुपरमार्केटात बटाटे निवडता निवडता डेन्मार्ककर एकदम थांबत, छतातल्या स्पीकरकडे बोट दाखवत आणि म्हणत, "हा मी." कुठलं तरी जुनं जर्मन गाणं लागलेलं असायचं. गायक कोण हे अख्ख्या दुकानाला माहीत, मागची गिटार कुणाची हे फक्त त्यांना. पुढच्या आठवड्यात एखाद्या जाहिरातीची धून लागली की पुन्हा, "हाही मी." मला वाटलं, गृहस्थ थापाड्या आहे. मग एकदा घरी त्यांनी तोच तुकडा तसाच्या तसा वाजवून दाखवला.

त्यांचं खरं डॅनिश नाव माझ्या सासूबाईंना काही केल्या उच्चारता येईना. "डेन्मार्कचे ना? मग डेन्मार्ककर," असा त्यांनी निकाल दिला. जर्मनमध्ये आम्ही दोघं एकमेकांना 'डू' म्हणत होतो, पण मराठीत त्यांना अरे-तुरे करायला माझी जीभ धजत नाही. साठी उलटलेला माणूस तो.

ओळख झाली ती एका रविवारी दुपारी. मी रियाज करत होते आणि दारावरची बेल वाजली. जर्मनीत रविवारी आवाज करायला बंदी, त्यात डार्मश्टाटमध्ये गळा काढणं म्हणजे गुन्हाच. हाउसऑर्डनुंगचा, म्हणजे इमारतीच्या नियमांचा, कागद घेऊनच कुणी आलं असणार, या तयारीने मी दार उघडलं. खालच्या मजल्यावरचे उंच, पांढऱ्या दाढीचे शेजारी उभे होते. म्हणाले, "तिसऱ्या ओळीत तू श्वास चुकीच्या जागी घेतेस. शब्दाच्या आधी घे." घेऊन बघितला. त्यांचं बरोबर होतं, याचा मला फार राग आला.

बाविसाव्या वर्षी एका नाचगाण्याच्या बँडबरोबर ते जर्मनीत आले आणि राहिले. स्टुडिओ, रेडिओ, चर्च, पर्यटकांची जहाजं, सगळीकडे वाजवलं. जॅझ म्हणा, लोकगीत म्हणा, समोर कागद ठेवला की पहिल्या नजरेत वाजायचं. पुढे बरीच वर्षं गावोगाव फिरणाऱ्या एका संगीत नाटकाचे ते संगीत दिग्दर्शक होते. "टूरचा कंटाळा आला, सोडलं," एवढंच सांगायचे. त्यांचा नियम एकच होता. "गाणाऱ्याचा श्वास संपतो तिथे माझी ओळ सुरू होते. त्याआधी वाजवणं हा उद्धटपणा."

मग आमच्या इथल्या मराठी मंडळाला ते आयतेच सापडले. प्रत्येक गाण्याआधी पट्टीवरून होणारा आमचा गोंधळ त्यांना फार आवडायचा. कुणी म्हणे पांढरी पाच, कुणी काळी एक. हे शांतपणे ऐकायचे आणि माझ्याकडे वळून म्हणायचे, "काली चार?" माझी पट्टी काळी चारच. ते ती कधी विसरले नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमासाठी मी एक भावगीत बसवत होते. तालीम आमच्याच दिवाणखान्यात चालायची, सासूबाई कोपऱ्यात वाती वळत बसायच्या. पहिल्या तालमीला डेन्मार्ककर म्हणाले, "जरा सावकाश घेऊ." दुसऱ्या तालमीला आणखी सावकाश. तिसऱ्या वेळी गाणं इतकं रेंगाळलं की ओळ संपायच्या आत माझा दम संपला. मधले वाजवायचे तुकडेही त्यांनी गाळून टाकले होते. एश्बॉर्नच्या ऑफिसातून दमून आलेली मी. माझी जीभ घसरली. "वय झालं की लयही म्हातारी होते का हो? गाणाऱ्याच्या श्वासाचा तुमचा नियम कुठे गेला?"

त्यांनी गिटार मांडीवरून उतरवली. "आल्झो, बरं तर," म्हणाले, "पुढच्या वेळी तू म्हणशील तसं." गिटार पेटीत ठेवली आणि खाली गेले.

सासूबाईंना जर्मन ओ की ठो कळत नाही. पण त्या म्हणाल्या, "अगं, त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं बघितलीस का? वाजवताना आत वळतात. ते ती कशीबशी बाहेर काढतात. तू त्यांना काय बोललीस गं?"

मला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन माफी मागितली. त्यांनी सफरचंद कापून दाखवलं, शर्टाचं बटण लावून दाखवलं. डावा हात अगदी ठणठणीत. मग गिटार घेतली, आणि तारांना टेकताच ती दोन बोटं लाजाळूच्या पानांसारखी तळव्याकडे मिटली. "हाताला काही झालेलं नाही. मेंदूतला नकाशा पुसला गेलाय, असं डॉक्टर म्हणतात. फक्त गिटारचा नकाशा." टूर त्यांनी कंटाळून सोडली नव्हती. अवघड तुकडे दुसऱ्यांना वाटून देत दोन वर्षं निभावलं, मग तिथे तरुण माणूस आला. वाजवायला एवढं आमचं मंडळ उरलं होतं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीवर काहीतरी तोड निघते, अशी माझी समजूत. रात्रंदिवस वाचलं, तज्ज्ञ शोधले, ड्युसेलडॉर्फच्या एका डॉक्टरांची टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळवली आणि तो कागद घेऊन खाली गेले. डेन्मार्ककरांनी सगळं ऐकून घेतलं. इंजेक्शनं झाली होती, बोटांना बांधायच्या पट्ट्या झाल्या होत्या, लहान मुलासारखं पहिल्यापासून शिकणंही झालं होतं. "माझ्याऐवजी तूच जा डॉक्टरकडे, मला बरं वाटेल," एवढं म्हणून त्यांनी तो कागद मला परत दिला. मला काहीच करता येत नव्हतं. एवढं एक करता आलं, की गाणं त्यांच्या लयीत बसवलं आणि श्वास वाढवला.

कार्यक्रमाच्या दुपारी पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्या कडव्यात अर्ध्या ओळीवर गिटार थांबली. त्यांनी तळवा तारांवर दाबून धरला होता. माझ्याकडे बघून मान हलवली, पुढे जा. मी गेले. उरलेलं गाणं एकटीने म्हटलं, त्यांच्याकडे न बघता.

टाळ्या खूप पडल्या. मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "काय आयडिया आहे हो! मध्येच गिटार काढून घेतलीत, काटा आला अंगावर!" मी भाषांतर करावं की नाही, या विचारात होते. डेन्मार्ककरांना चेहऱ्यावरूनच कळलं असावं. त्यांनी अध्यक्षांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "या, गेनाऊ." हो, अगदी तसंच.

मार्चमध्ये ते बहिणीकडे डेन्मार्कला परत गेले. आम्ही स्टेशनवर सोडायला गेलो होतो. तोवर पुण्याला परतलेल्या सासूबाईंनी तिथून फोन करून "अहो डेन्मार्ककर, जपून जा," असं मराठीतच सांगितलं. गाडी हलली तेव्हा ते काचेपाशी आले आणि त्यांनी डावा हात हलवला. पाचही बोटं सरळ होती, मोकळी. कुणाच्याही हातासारखा चांगला हात.