ताईंचं नाक

आमच्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये ताईंच्या नाकाचा दरारा होता. सव्वीस वर्षं जंतू ओळखण्यात गेलेली. जंतू वाढवलेल्या प्लेटचं झाकण किलकिलं करायचं, हुंगायचं आणि मशीनच्या आधी नाव सांगून मोकळं व्हायचं. असं हुंगायला केव्हाच बंदी आली होती, पण ताईंना सांगणार कोण? नाकावर माशी बसू देत नसत. मला मात्र लेकीसारखं शिकवलं, तेही ओरडून ओरडून.

मला पाचवा महिना होता. तापाच्या एका रोग्याच्या रक्तातून प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवले, तेही तीन दिवसांनी. ताईंनी प्लेट टेबलावरच उघडली. "कसलाच वास नाही. तू बघ गं." मी मोठी शहाणी, चांगला छातीभर श्वास घेतला.

दोन दिवसांनी नाव कळलं. ब्रुसेला. जनावरांपासून येणारा, नुसत्या श्वासाबरोबर आत शिरणारा. पोटातल्या बाळाचा तर काळच. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. "प्लेट कुठे उघडली? बाहेर उघडली असेल तर आजच गोळ्या सुरू करायच्या."

"काचेच्या पेटीत," ताई म्हणाल्या. त्या पेटीतून जंतू बाहेर येत नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. प्लेट टेबलावर उघडली होती, हे मीही सांगितलं नाही. मग जिन्यात म्हणाल्या, "एका वासानं काही होत नाही गं. मी काय कमी हुंगलंय?" मला ते खरं मानायचं होतं.

अकराव्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत बाळाच्या दुपट्याला कड शिवत होते. ताई बघत बसल्या, मग उठून डॉक्टरांकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. गोळ्या लगेच सुरू झाल्या. चौथ्या आठवड्यात मला ताप भरला आणि बाळ गेलं. मुलगी होती.

ताईंना काहीसुद्धा झालं नाही. त्याचा मला इतका राग आला की सांगायची सोय नाही.

त्यांनी नोकरी सोडली. एकदा घरी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. "दोन थोबाडीत मार, पण बोल माझ्याशी."

तुम्ही माझी लेक खाल्लीत, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण डॉक्टरांनी प्रश्न सगळ्यांना विचारला होता, आणि मी तिथंच उभी होते, ताईंपासून हातभर अंतरावर. मी पलंगावर सरकून त्यांना बसायला जागा दिली.