फोननं ओळखलं नाही, आलूबोंडे आणा!

फोनमध्ये बोट ओळखायचं मशीन ज्यानं बसवलं, त्यानं ते बनवताना कोणाचं बोट लावून पाहिलं होतं?

हा प्रश्न मी मोबाईलच्या दुकानात विचारला. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावून विचारला. एकानंही उत्तर दिलं नाही. कस्टमर केअरची मॅडम मात्र फार गोड बोलली. म्हणाली, "सर, बोट स्वच्छ पुसून पुन्हा लावून बघा."

मी म्हटलं, "मॅडम, पुसून पुसूनच तर ही वेळ आली!"

ती म्हणाली, "आणखी काही मदत करू शकते का?"

आम्ही भंडाऱ्याला पितळेच्या कारखान्यात भांडी घासतो. भट्टीतून आलेला काळा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, ओल्या चिंचेनं आणि बारीक रेतीनं घासायचा, मग बफच्या, म्हणजे पॉलिशच्या, चाकावर धरायचा, की त्यात तोंड दिसतं. भांड्याबरोबर बोटंही घासली जातात. भांडं चमकतं, बोटावरच्या रेषा जातात. त्यामुळे असले किस्से आमच्याकडे पितळेच्या भुशासारखे साचतात. कितीही झाडा, कोपऱ्यात निघतातच.

यातले निम्मे माझ्या दादाचे. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, विलास. त्याला जाऊन पंचवीस दिवस झाले. त्याचा फोन घरी फळीवर आहे, लॉक. पिन कोणाला माहीत नाही. त्याचे सगळे फोटो आत आहेत आणि घरातल्या फ्रेममध्ये त्याचा कोणाच्या तरी लग्नातला फोटो लावलाय, ज्यात तो ओळखूसुद्धा येत नाही. आई मला रोज विचारते, "दवाखान्यात तुयाच हातात होता ना फोन? उघडला होता ना? मंग काहून बंद केला?"

लोक म्हणतात, पंचवीस दिवसांत हसायच्या गोष्टी कायले सांगतोस? मी सांगणार. दादाच्या गोष्टी रडून सांगितल्या तर तोच उठून मला हाणेल.

*

दादानं फोन घेतला तेव्हा मी सोबत होतो. दुकानदारानं स्वतःचं बोट लावून दाखवलं. टक! उघडला. म्हणाला, "पाहा, एका सेकंदात. आता तुमचं लावा."

दादानं उजवा अंगठा लावला. नाही. डावा. नाही. मग एकेक करत दहाही बोटं झाली. दुकानदारानं दादाचा पंजा उलटा करून उजेडात धरला.

"भाऊ, तुमच्या हातावर तर रेषाच नाहीत! ज्योतिषी उपाशी मरन तुमच्या भरवशावर."

दादा म्हणाला, "नशिबालेही पॉलिश मारलं आम्ही!"

दुकानदार म्हणाला, "जाऊ द्या ना, पिन टाका. चार आकडे. फोन उघडल्याशी मतलब."

दादाला ते पटलं नाही. "पिन टाकला तर फोन उघडन. पण मले कुठी ओळखलं त्यानं? पिन तर चोरही टाकन!"

फोन घेतलाच. घरी येईपर्यंत रस्ताभर तो फोनला शिव्या देत होता.

*

आमच्या कारखान्यात एक रिवाज आहे. नवीन माणूस येतो तेव्हा त्याचा फोन त्याच्या बोटानं उघडतो. दोन-तीन महिने उघडत राहतो. मग एक दिवस उघडत नाही. त्या दिवशी तो पक्का झाला. मालकाच्या रजिस्टरमध्ये काहीही असो, आमच्यासाठी पक्का! मग आमचे सगळ्यात जुने कारागीर देवाजी काका ओरडतात, "फोननं ओळखलं नाही, आलूबोंडे आणा!" आणायचे त्याच्या माणसानं, आणि त्यानं नुसतं बसून खायचे.

मी आठवी सोडून आलो. माझा फोन दोन महिने टक-टक उघडायचा आणि मी सगळ्यांना दाखवायचो. काका म्हणायचे, "उघड बाबू, उघड. चिंच बसली हाय वाट पाहत."

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी अंगठा लावला आणि फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा. काकांनी आरोळी ठोकली. माझं माणूस म्हणजे दादा. तो बफचं चाक बंद करून गेला आणि पिशवीभर आलूबोंडे घेऊन आला. पहिला माझ्या तोंडात कोंबला. मग माझा अंगठा हातात धरून बराच वेळ पाहत राहिला.

"गेला रे तुया अंगठा, लहान्या," एवढंच म्हणाला.

शाळा सोडली तेव्हा आमचे मास्तर रागानं बोलले होते, "जन्मभर अंगठाछाप राहशील!"

मास्तर, तेही नाही जमलं!

*

देवाजी काकांनी फोनवर तोड काढली. हाताची बोटं गेली तर गेली, पायाची आहेत ना! त्यांनी उजव्या पायाचा अंगठा फोनमध्ये नोंदवला. फोन बिचारा काय जाणे? त्याला रेषांशी काम. पहिल्या फटक्यात उघडला.

काकांची छाती फुगली. चहाच्या टपरीवर चप्पल काढायची, पाय उचलायचा, टक! लोक पाहत राहायचे. एकदा लाखनीला जाताना भरल्या एसटीत उभ्या उभ्या त्यांना फोन उघडायचा होता. एका हातानं कंडक्टरचा खांदा धरला, दुसऱ्या हातात फोन, आणि पाय वर. गाडीनं खड्डा घेतला तसे काका कंडक्टरच्या गळ्यात.

कंडक्टर म्हणाला, "काका, तिकीट नका काढू, पण पाय खाली घ्या!"

हा किस्सा फिरत फिरत सुमनकाकूच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या, कानावर गेला. त्याआधी काकूनं एकदा काका दुपारचे झोपले असताना त्यांची दहाही बोटं फोनला लावून पाहिली होती. उघडला नव्हता. काकू मोहल्ल्यात सांगत फिरायची, "दुसऱ्याच्या बायका नवऱ्याचा फोन झोपेत उघडतेत. माया नशिबी घासलेला नवरा आला!"

आता तिला किल्ली सापडली. दुसऱ्या दिवशी काका जेवून आडवे झाले. काकूनं हळूच पायावरची चादर सरकवली. टक!

फोनमध्ये काय निघालं? गुंड. समया. लोटे. काकांनी घासलेल्या प्रत्येक भांड्याचा फोटो. समोरून, बाजूनं, उन्हात, सावलीत.

काकूनं तोच पाय धरून त्यांना हलवून उठवलं. "एवढ्या भांड्यायचे फोटो काढले! माया एकही नाही? मी का जर्मनचं भांडं हाव?"

दुसऱ्या दिवशी काकांच्या फोनच्या स्क्रीनवर काकू होती. मागे दोन गुंड.

*

मालकाचा पोरगा नागपूरला इंजिनिअरिंग शिकतो. एकदा सुट्टीत कारखान्यात आला आणि आम्हाला समजावत बसला. बोटाचं लॉक म्हणजे नखरा नाही, पक्कं सायन्स आहे. पिन कोणी मागून पाहू शकतो, बोट कोण चोरणार? जगात एकासारखा दुसऱ्याचा ठसा नसतो.

दादानं चाक थांबवलं. "म्हंजे ठसा पाहून समजते का हा माणूस कोण हाय?"

"हो दादा. शंभर टक्के."

"अन् ज्याचा ठसाच नाही, तो जगात नाही का?"

पोरगा हसायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की बाकी कोणी हसत नाही. म्हणाला, "तुमच्यासारखी केस थोडी वेगळी आहे."

दादानं नुकताच घासलेला गुंड उचलला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. "यात पाह्य. दिसलं तोंड? कोणाचं हाय सांग. तुयं हाय ना? आमचं मशीन सगळ्यायले ओळखते. घासणाऱ्यालेही अन् मालकालेही!"

पोरगा चांगला होता. घरी जाऊन आपल्या फोनचं बोटाचं लॉक काढून टाकलं म्हणे. मला विचाराल तर मी इंजिनिअर नाही, पण माझा निकाल हाच आहे. जे मशीन काम करणाऱ्याचं बोट ओळखत नाही आणि रिकाम्या बोटाला सलाम ठोकतं, ते नखरा आहे. कोणाला वाद घालायचा असेल तर तीन महिने भांडी घासून या, मग बोलू.

*

मालकाच्या घरी लग्न निघालं आणि कारखाना महिनाभर बंद राहिला. आम्ही गावाकडे धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला, गेलो नाही की कुठे नाही. घरीच लोळलो. एक दिवस दादा ओरडत आला, "लहान्या, रेषा आल्या!"

खरंच. हात रिकामे राहिले की चामडी पुन्हा भरून येते. दादानं तेव्हाच हौसेनं उजवा अंगठा फोनमध्ये नोंदवून टाकला. दिवसभर उघडायचा आणि बंद करायचा. टक. टक. आईनं विचारलं, "का झालं याले?" मी म्हटलं, "ओळख झाली त्यायची."

कारखाना उघडला त्या दिवशी दादा ऐटीत आला आणि सगळ्यांसमोर अंगठा लावला. टक! त्याला वाटलं, लोक वाहवा करतील. काका गंभीर चेहरा करून उठले.

"विलास, तू कामावर नाहीस. हे बोट बसून खाणाऱ्याचं हाय. आलूबोंडे वापस कर!"

सगळे "वापस कर, वापस कर" म्हणत त्याच्या मागे लागले. दादा हसला, पण ते त्याला लागलं. त्या दिवशी त्यानं कोणापेक्षाही जास्त गुंड काढले. पंधरा-वीस दिवसांत अंगठा पुन्हा गुळगुळीत झाला. त्यानंतर त्यानं सवयच लावून घेतली. रोज सकाळी कारखान्याच्या दारात उभा राहून अंगठा फोनला लावायचा. फोन नाही म्हणायचा. मग पिन टाकायचा आणि आत यायचा.

मी विचारलं, "माहीत हाय ना नाही उघडत? मंग रोज कायले लावतोस?"

"हजेरी हाय बे ते. जोवर हा नाही म्हणते, तोवर मी कामावर हाव."

*

दादाला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग दवाखान्यात न्यावं लागलं. डोळे पिवळे, नखं पिवळी. काका भेटायला आले तर म्हणतो, "काका, मी पण पितळेचा झालो! मलेच चाकावर धरा आता." काका बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

महिना झाला. दादा पार वाळला. एका दुपारी म्हणाला, "फोन दे." मी दिला. पिन टाकायच्या आधी त्यानं सवयीनं अंगठा लावला.

टक.

उघडला. त्यानं फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"लहान्या, ओळखलं रे यानं."

"मस्त झालं ना दादा," मी म्हटलं.

"मस्त कायचं? मी कामावरून गेलो ना."

त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. फोन उघडाच होता. समोरच त्याचे फोटो होते. मी बटण दाबून तो बंद केला आणि खाली पळालो.

सायकल काढली, कारखान्यात गेलो. काकांना काही सांगितलं नाही. ओल्या चिंचेचा गोळा आणि मूठभर बारीक रेती कागदात बांधली आणि परत आलो. दादाच्या उशाशी पाण्याचा लोटा होता, त्यानंच घासलेला. पाणी ग्लासात ओतलं, लोटा त्याच्या पोटाशी ठेवला. त्याच्या हातात जोर नव्हता. मग मीच त्याचा अंगठा धरला, चिंचेत बुडवला, रेतीला लावला आणि लोट्यावर घासायला लागलो. हळूहळू. गोल गोल. त्यानंच मला शिकवलं होतं तसं. त्यानं तोंड इकडे वळवलं.

सिस्टर आली. "अरे, हे काय चाललंय?"

"हजेरी लावून राहिलो, सिस्टर."

तिनं दादाकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

बराच वेळ घासलं. लोट्याला चकाकी आली. दादाचा अंगठा धुतला, माझ्या शर्टाला कोरडा पुसला, फोनला लावला.

पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा लावला. पुन्हा प्रयत्न करा.

दादानं डोळे मिटले. ओठ हसल्यासारखे हलले. मी खाटेवरून उठलो आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा ओरडलो, "फोननं ओळखलं नाही, आलूबोंडे आणा!"

आणायचे त्याच्या माणसानं. मी खाली गेलो, गरम पिशवी घेऊन वर आलो. प्रत्येक खाटेजवळ बसलेल्याच्या हातात एकेक दिला, सिस्टरलाही दिला. दादाला तेलकट बंद होतं. तरी त्याच्या उशाशी, लोट्याजवळ, दोन ठेवले.