गोदूबाईंच्या कालवांची जागा

देवबागच्या गोदूबाई चाळीस वर्षं खाडीतल्या खडकांना चिकटलेली शिंपल्यांतली कालवं फोडून विकतात. ती कुठे काढतात, ती जागा घरातही कोणाला ठाऊक नाही. सुनेने, वर्षालीने, त्यांना मालवणी जेवणाच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलं. तिथे नव्या माणसाने आपली ओळख आणि आवडीनिवडी सांगायच्या असतात.

"माका काय आवाडता तां ह्यांका कित्याक व्हया?" गोदूबाईंनी विचारलं. तरी नाव आणि ‘कालवं आवडतात’ एवढं त्यांनी लिहायला लावलं.

लगेच एका बाईचा प्रश्न आला, "तुमका कालवां खंय गावतत?"

"बघलंस? इली मुद्द्यार. ही हंयचीच कोणतरी, माझी जागा व्हयी हिका."

गोदूबाईंनी मुद्दाम खोटंच देवबागच्या जेटीमागचे खडक सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिथेच माडाआड दबा धरून बसल्या. कोणी फिरकलं नाही. भरती चढली आणि त्यांची स्वतःची जागा पाण्याखाली गेली.

घरी वर्षालीने मोबाइल दाखवला. त्या बाईने लिहिलं होतं, "मी नागपुराक रवतंय. देवबागचा नाव वाचून बरां वाटला."

रिकामी टोपली उपडी घालत गोदूबाई म्हणाल्या, "नागपुरसून हंय येवक किती येळ लागता गो?"