चार बोटांचं दार

अणदूरच्या महांतप्पा सुतारानं एकच नाटक अठ्ठावीस वर्षं पाहिलं, ते बी फटीतून.

गावच्या मंडळींचं ते जुनं तीन अंकी विनोदी नाटक. बाप पोरीच्या खोलीचं दार ओढतो, आत तिनं लपवलेला गडी असतो, आन दार काही उघडत न्हाय. ते दार महांतप्पानंच केलेलं. कडी मात्र कधी लावली न्हाय. मागं उभं राहून तो स्वतः हातानं धरायचा. बापानं ओढलं की चार बोटं जाऊ द्यायचं, मग गपकन मागं घ्यायचं. पुन्हा चार बोटं. लोक त्या चार बोटांवर लोळायचे.

फटीत उजेडाची एक पट्टी असायची. तिच्यातून कुणाचं नाक तरंगत जायचं, धोतराचा सोगा जायचा, पोरीचा हिरवा पदर जायचा. लपलेला गडी शेजारी अंधारात फुटाणे खायचा आन दोन त्याच्या तळहातावर ठेवायचा. समोरचं हसू फळ्यांतून झिरपत यायचं, बोटांना लागायचं. त्या वक्ताला महांतप्पाला आपण जागे आहोत का झोपेत, हेच कळायचं न्हाय.

औंदा त्याचा उजवा हात कापायला लागला. बशीतला चहा सदऱ्यावर येऊ लागला. मग दुकानात हाताखाली असलेला पुतण्या कुलदीप बोलला, "आप्पा, आता समोर बसून बघा. म्या दाराला कडी लावलीया. धरायची गरजच न्हाय."

गरजच न्हाय, हे त्याला फळीतल्या कुसळागत रुतलं. पण बसला.

जत्रेचा दुसरा दिवस, दुपारचे चार. शाळेच्या मैदानात मांडव. शेजारी बायको दैवशाला. पडदा वर गेला आन महांतप्पा बघतच राहिला. ज्या सोग्याला तो इतकी वर्षं ओळखत होता, त्याच्या वर अख्खा माणूस होता. मांडवाच्या पिवळ्या उजेडात माणसं पाण्याखाली चालल्यागत दिसत होती. पहिल्या अंकात एक मोठा हशा यायचा, त्याचं कारण आज कळलं. आत्याबाई पाहुण्याच्या पटक्यावर बसते आन तोच पटका सगळ्यांसोबत शोधत बसते! अठ्ठावीस वर्षांचं एकदम हसू आलं त्याला, उशिरा.

दुसऱ्या अंकात बाप झालेल्या अमरसिंह गुरुजींनी दार ओढलं. दार हललं न्हाय. परत ओढलं. भिंतच. लोक हसले, पण हसू मांडवात पुरतं शिरलंच न्हाय, उंबऱ्यातनं माघारी गेलं.

"अवो, मनगट सोडा माझं," दैवशाला फुसफुसली. "म्या काय दार हाय?"

त्यानं पाहिलं तर खरंच तो तिचा हात ओढून धरत होता, चार बोटं ढिला, चार बोटं घट्ट.

पडदा पडताच तो उठला.

"कुठं निघालाव?"

"कडी काढाया."

मागं गुरुजी घाम पुसत होते. "आप्पा, भिताडाशी झुंजल्यागत झालं बगा."

"पण तुमचा हात?" कुलदीप बोलला.

"कापतोय. तुटला न्हाय. पेचकस आण."

तिसऱ्या अंकात तो आपल्या जागी उभा राहिला. तीच पट्टी, तेच दोन फुटाणे. गुरुजींनी ओढलं. चार बोटं गेली, आली, आन हात थरथरायला लागला. दार चौकटीवर टकटक वाजू लागलं. त्यानं जोर लावला तशी टकटक वाढली. समोर सगळं चिडीचूप. झालं, वाटोळं केलं आपण, त्याच्या मनात आलं.

गुरुजी थांबले. कापणाऱ्या दारावरून हात फिरवत बोलले, "भिऊ नको रं बाबा. तुला न्हाय मारत."

मांडव फुटला. असा हशा त्या फळ्यांतून कधीच आला नव्हता. महांतप्पाच्या कोपरापर्यंत पोचला. शेजारचा गडी तोंडात पटका कोंबून खाली बसला. आन पट्टीत, लांब, पहिल्या रांगेत, दैवशाला डोळ्याला पदर लावून हसताना दिसली. तिला हसताना फटीतून कधी पाहिलंच नव्हतं. ती नेहमी बायकांत मागं बसायची.

नाटक सुटल्यावर ती खुर्चीखाली राहिलेल्या त्याच्या चपला घेऊन मागं आली.

"दार लई भ्यालं की आज."

"हात कापला," तो बोलला.

"ठाव हाय मला. माझं मनगट बघा, अजून लाल हाय."

त्यानं खिशातली कडी काढून कुलदीपच्या हातावर ठेवली. "ही घे. कोंबड्याच्या खुराड्याला लाव. तिथं कुणी हसाया येत न्हाय."