पथरचट्टा कोणतं, ते मला माहीत होतं

मुतखडा हा शब्द जेवताना काढायचा नाही, असा आमच्या घरी मामाजींचा नियम होता. मामाजी म्हणजे माझे सासरे, जंगलखात्यातून निवृत्त झालेले. धाकटी जाऊ लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं तो नियम मोडला. भात कालवता कालवता सांगायला लागली, की लघवीच्या वाटेत खडा कसा अडकतो नि आयुर्वेदात त्याला काय म्हणतात. मी वरणाचं भांडं घेऊन उभी. मामाजींनी घास खाली ठेवला. म्हटलं, बसली आता पोरीला बोलणी. तर ते म्हणाले, "हं, मग? तो खडा विरघळतो की फुटतो?"

तिथून सुरू झालं म्हणा ना माझं जळणं.

अकरा वर्षं झाली होती मला त्या घरात. मामाजींना खड्याचा जुना त्रास. कुळथाचं कढण मी करायची, पानफुटीची पानं मी वाटायची, आणि पेला टेबलावर ठेवला की ते पेपर बाजूला न करता पिऊन टाकायचे. कशाचं आहे, कोणी शिकवलं, एका शब्दानं कधी विचारलं नाही. मला शिकवलं होतं माझ्या आईनं, माहेरी रामपायलीला. मी शाळा चौथीपर्यंतच शिकले. बाकीचं पुड्यांचे कागद वाचून आणि लोकांना विचारून.

मागच्या अंगणात डालड्याच्या डब्यांत मी पानफुटी लावली होती. जाडं, रसाचं पान, कडेला खाचा. बालाघाटात सगळे तिला पथरचट्टा म्हणतात, आणि हिंदी शेजारणींशी बोलून बोलून मीसुद्धा तेच म्हणायला लागले होते. मोहल्ल्यात कोणाच्या कमरेतून कळ आली की बाई मागच्या दाराशी यायची. "दीदी, दो पत्ते देना." मी पानं द्यायची, लघवी फडक्यातून गाळून बघ म्हणून सांगायची, पाणी किती प्यायचं ते सांगायची. खडा पडला की लोक काडेपेटीत घालून मला दाखवायला आणत. हसू नका. एखादीनं नातू दाखवायला आणावा, तशी ती काडेपेटी उघडत. कोणाचा खडा मोठा असला, ताप असला, तर मी सरळ डॉक्टराकडे धाडायची, एवढी अक्कल होती मला.

जाऊ नागपूरची, वैद्यकीची डिग्री घेतलेली. इथल्या सरकारी आयुर्वेदिक दवाखान्यात लागली आणि पुढच्या परीक्षेसाठी तिला प्रबंध लिहायचा होता, मुतखड्यावर झाडपाल्याचा गुण किती येतो याचा. तिचे गुरुजी नागपुरात. छोट्या गाडीनं गोंदियाला, तिथून पुढे नागपूर, असं ती महिन्या-दीड महिन्यानं जाऊन त्यांना वही दाखवून यायची. मामाजींनी स्वतःचं लिहायचं टेबल तिला दिलं. ज्या टेबलावर मी अकरा वर्षं पेला ठेवला, त्यावर आता तिचे एक्स-रे पसरलेले असायचे. आणि मामाजी चष्मा लावून ते उजेडाकडे धरत, "सूनबाई, हा पांढरा ठिपका ना?" सूनबाई तर मीही होते. पण त्या हाकेला मी ओ दिली की म्हणत, "तू नाही, धाकटी."

वाईट बाई असती तर सोपं गेलं असतं. ती वाईट नव्हती. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी कणीक मळून जायची. मला ताई म्हणायची. पहिल्याच महिन्यात पाटावर बसून तिनं मला सगळं विचारलं, पान केव्हा तोडायचं, किती, रिकाम्या पोटी की कसं. मी बोलत सुटले. कोणी विचारलंच नव्हतं ना कधी. ती भराभरा लिहून घेत होती आणि मला वाटत होतं, चला, आपलं शिकलेलं कुठंतरी कामी लागलं.

नंतर एकदा टेबल पुसताना वही उघडी दिसली. वाचता मला येतंच. वर लिहिलं होतं: "स्थानिक स्त्रियांकडून मिळालेली माहिती." खाली सगळं माझं. आईचं. शब्दन्‌शब्द. मी पुन्हा वाचलं. पाटावर तिच्यासमोर मी एकटी बसले होते, आणि वहीत मी स्त्रिया झाले होते.

त्याच सुमारास काडेपेट्या मागच्या दाराशी यायच्या बंद झाल्या. लोक दवाखान्यात जायला लागले. शेजारीण मलाच कौतुकानं सांगते, "आपकी देवरानी के हाथ में जस है." मी हौ हौ केलं आणि तिला चहा विचारला नाही.

आता जी गोष्ट झाली ती सांगते. ताज्या पानाचं प्रमाण नीट धरता येत नाही, असं तिच्या गुरुजींनी सांगितलं. एक पान जाड, एक बारीक. शिवाय तिरोडीकडचे खाणीतले लोक रोज पानं न्यायला कसे येणार? म्हणून काही रोग्यांना रस चालू ठेवायचा आणि काहींना वाळवून केलेलं चूर्ण मोजून द्यायचं, असं ठरलं. माझे डबे एवढ्याला पुरणारे नव्हते. बाजाराच्या दिवशी परसवाड्याकडची एक बाई जडीबुटी विकायला यायची. जावेनं तिला विचारलं, पथरचट्टा मिळेल का. ती म्हणाली, मिळेल ना, सुखाकर, कूटकर, बोरीभर ला दूँगी.

बोरी आली तेव्हा जाऊ दवाखान्यात होती. पोत्याचं तोंड मी सोडलं, आणि वासावरूनच मला कळलं. पानफुटीचं पान असं वाळत नाही हो. दोऱ्याला टांगून ठेवा, आठ-पंधरा दिवसांनी बघा, कडेच्या खाचांतून त्याला पिल्लं फुटलेली असतात. टांगल्या टांगल्या जगतं ते. आणि या बोरीत कुटलेल्या पाल्यात मध्येच लालसर, बारीक काड्या. खापरखुटी होती ती. नालीच्या कडेला जमिनीवर पसरते ती. पुस्तकात तिला पुनर्नवा म्हणतात. परसवाड्याकडे तिलाच पथरचट्टा म्हणतात, कारण तीही लघवी साफ करते. बाईनं काही फसवलं नव्हतं. तिच्या गावचं पथरचट्टा तिनं आणलं होतं.

संध्याकाळी जाऊ आली. चूर्ण चिमटीत घेऊन तिनं विचारलं, "ताई, हेच ना तुमचं पथरचट्टा?"

मी म्हटलं, "हौ."

एवढंच. त्याच्यानंतर चाळायला मीच बसले आणि त्या लाल काड्या एकेक वेचून टाकल्या, तिला दिसू नयेत म्हणून. खापरखुटीनं कोणाचं वाईट होत नाही, असं मी मनाला सांगत होते. आम्ही भाजी करून खातो तिची. पण खरं सांगू, मला रोग्यांची काळजी नव्हतीच. मला एवढंच पाहायचं होतं, की माझ्याशिवाय हिचं कसं चालतं.

चाललं. तेच तर. चूर्ण घेणारे लोकही येऊन सांगायला लागले, बाई, पेशाब खुलकर हो रही है. जाऊ खूश. मामाजी तर मोहल्ल्यात सांगत फिरायचे. आता चूर्ण आणि रस एकाच झाडाचे आहेत आणि दोन्हींचा गुण सारखा येतो, असं ती लिहिणार होती आणि गुरुजींपुढे मांडणार होती. एका दुपारी ती मला म्हणाली, की नागपूरला एक जुने वैद्य चूर्ण नुसतं जिभेवर ठेवून झाड ओळखतात, त्यांनाही गुरुजींनी बोलावलंय. ती मजेनं सांगत होती. माझ्या हातातली सुपली मात्र थांबली. चार मोठ्या माणसांत तिला कोणी विचारलं असतं, की बाई, तुला पानफुटी आणि पुनर्नवा कळत नाही? मी तिच्यावर जळत होते, पण हे मला डोळ्यांसमोर दिसलं आणि बघवलं नाही.

मी मागं गेले, नालीच्या कडेची खापरखुटी उपटली आणि मुळासकट तिच्या वहीवर ठेवली.

"हे काय, ताई?"

"बोरीतलं पथरचट्टा."

तिनं काडी बघितली, डब्यातलं चूर्ण हुंगलं. कळायला तिला वेळ लागला नाही, हुशार तर होतीच.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हौ."

"मग का नाही बोललात?"

"तू मले वहीत स्त्रिया लिहिलं."

तिला आधी समजलंच नाही. मग पानं मागं उलटवून तिनं ते वाक्य काढलं आणि वाचलं. वर बघितलं नाही. टाचणी घेऊन वहीतली चूर्णाच्या नोंदींची सगळी पानं एकत्र टोचली आणि बाजूला ठेवली. आठवडेच्या आठवडे मेहनत होती त्या पानांत. त्या खेपेला ती नागपूरला गेली नाही. प्रबंध एक वर्ष मागं पडला.

रात्री जेवायला बसल्यावर मामाजींनी विचारलं, जाणं का रद्द झालं. मी चुलीशी होते. ती म्हणाली, "चूर्ण पारखून घ्यायला हवं होतं मी. झाड चुकलं." मामाजी तिला बोलले, खूप बोलले. जंगलखात्यातल्या माणसाच्या घरात झाड चुकतं, लाज नाही का वाटत, इतकं. ती खाली मान घालून भात खात राहिली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

तुम्हाला वाटेल, मला भरून आलं असेल. नाही आलं. मी पोळी तव्यावर टाकली आणि मनात आलं, हेही हिला जमतं! डिग्री हिची, टेबल हिचं, काडेपेट्या हिच्या, आणि आता मोठं मनही हिचंच. माझ्यासाठी काहीतरी ठेवायचं ना. एक वाक्य होतं माझ्याजवळ, "मामाजी, चूक माझी आहे." तेवढं बोलले असते तर त्या घरात एक गोष्ट तरी तिच्या बरोबरीची झाली असती माझ्याकडून. पोळी करपली तरी ते तोंडातून निघालं नाही.

मामाजी जाईपर्यंत तसंच राहिलं. ती अधूनमधून बोलणी खात राहिली त्याबद्दल, आणि मी वाढत राहिले.